नाक सावरणाऱ्या दोन पट्ट्या

सौंदर्यासाठी एकदा शस्त्रक्रिया झालेले नाक काही काळाने एका बाजूस बसके किंवा वाकडे दिसू लागले, तर ते सुधारताना आणखी काही कापण्यापेक्षा हरवलेला आधार भरून देणे अधिक महत्त्वाचे असते, ही समजूत शल्यचिकित्सेत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दृढ झाली. या समजुतीचे सर्वांत नेमके साधन म्हणजे ‘स्प्रेडर ग्राफ्ट’, अर्थात नाकाचा मधला पडदा आणि त्याच्या बाजूची कूर्चा यांच्यामध्ये बसविलेली कूर्चेची अरुंद पट्टी. कूर्चा म्हणजे हाडापेक्षा मऊ, पण आकार धरून ठेवणारी ऊती.

नाकाच्या शस्त्रक्रियेचा मूळ प्रवाह भर घालण्याचाच होता, आणि आधुनिक युरोपला त्याचा परिचय झाला तो पुण्याजवळच्या एका प्रसंगातून. इंग्रज फौजेतील कावसजी नावाच्या गाडीवानाचे नाक टिपूच्या कैदेत कापले गेले होते. त्याचे नवे नाक वीट भाजणाऱ्या जातीतील एका कारागिराने तयार केल्याचा वृत्तांत ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या ‘जेंटलमन्स मॅगझीन’मध्ये चित्रासह छापला गेला. नाकाच्या थोट्यावर मेणाची पातळ चकती घडवून ती सपाट करून कपाळावर ठेवायची, तिच्या कडेने रेघ मारायची, तेवढी कातडी भुवयांमधला दुवा न तोडता सोडवून खाली वळवायची, आणि जखमेवर पाण्यात कालवलेला कात लावलेल्या कापडाच्या पट्ट्या ठेवायच्या, असा तो विधी होता. दुवा राखायचा तो रक्तपुरवठ्यासाठी, आणि नवे नाक जुळून आल्यावर, साधारण पंचविसाव्या दिवशी, तो तोडला जाई. जोसेफ कार्प्यू यांनी १८१४ मध्ये लंडनला हीच पद्धत वापरली.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मात्र दिशा उलटली. १८८७ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टर येथील जॉन ऑर्लँडो रो यांनी बाहेर व्रण न ठेवता नाकपुडीच्या आतून नाकाचा आकार बदलण्याची पद्धत मांडली, आणि १८९८ मध्ये बर्लिनच्या जॅक जोसेफ यांनी मोठ्या नाकाचा आकार कमी केल्याचा वृत्तांत वैद्यकीय सभेपुढे ठेवला. त्यानंतर कित्येक दशके नाक सुंदर करणे म्हणजे उंचवटा कापणे आणि कूर्चा कमी करणे, हे समीकरण रूढ झाले. त्याची किंमत मोजावी लागली ती पुढे अनेक वर्षांनी, आणि रुग्णांना.

ही किंमत नाकाच्या रचनेतच दडलेली आहे. नाकाच्या मधल्या भागात पडद्याच्या वरच्या कडेला दोन्ही बाजूंच्या कूर्चा जोडलेल्या असतात. उंचवटा काढताना हा जोड कापला गेला आणि पुन्हा नीट बांधला गेला नाही, तर बाजूच्या कूर्चा हळूहळू आत सरकतात. त्या दोन्हीकडे सारख्याच सरकतील असे नाही, आणि तेथेच असमानता उपजते. नाकाच्या हाडांची खालची कड उलट्या ‘व्ही’ अक्षरासारखी उमटते, एका बाजूला छाया पडते, शिवाय पडदा आणि बाजूची कूर्चा यांच्यामधला हवेचा मार्ग आवळल्याने श्वास अडतो. दिसण्याची तक्रार आणि श्वासाची तक्रार येथे एकाच बिघाडातून आलेली असते, हे ओळखणे ही या इतिहासातली खरी प्रगती होय.

लॉस एंजेलिसचे शल्यविशारद जॅक शीन यांनी १९८४ मध्ये स्प्रेडर ग्राफ्टचे वर्णन प्रसिद्ध केले, तेच मुळी पूर्वीच्या शस्त्रक्रियेनंतर कोसळलेले नाकाच्या मधल्या भागाचे छत पुन्हा उभारण्याची रीत म्हणून. पट्टी साधारण काडीपेटीतील काडीसारखी असते. ती पडद्याला लागून बसली की बाजूची कूर्चा बाहेर ढकलली जाते, छाया बुजते आणि हवेची वाट रुंदावते. दोन्ही पट्ट्या समान जाडीच्या असल्याच पाहिजेत असे नाही: आत गेलेल्या बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला पातळ पट्टी घालून, किंवा एकाच बाजूला पट्टी बसवून, मधली रेषा सरळ दाखविता येते. मात्र पडदाच वाकडा असेल तर आधी तो सरळ करावा लागतो.

पट्टी आणायची कोठून, हा पुढचा प्रश्न. पडद्याची कूर्चा सर्वांत सोयीची, पण आधीच शस्त्रक्रिया झालेल्या नाकात ती बहुधा वापरून संपलेली असते; कानाची कूर्चा मुळातच वळणदार असते; मग बरगडीचा आधार घ्यावा लागतो. बरगडीची कूर्चा भरपूर मिळते, पण कोरल्यावर ती स्वतःच वाकू शकते. याचे कारण गिब्सन आणि डेव्हिस यांनी १९५८ मध्ये उलगडले: कूर्चेच्या बाहेरील थरांतील ताण एका बाजूने मोकळा झाला की समतोल बिघडतो. म्हणून तुकडा मधल्या गाभ्यातून, सर्व बाजूंनी सारखा कोरावा लागतो. वाकडेपणा घालविण्यासाठी घातलेली पट्टीच वाकली, तर पुन्हा सारे तेच. हा नियम अनुभवी हातांनीही कसोशीने पाळावा, इतका तो मोलाचा आहे.

असमानता किरकोळ असेल, तर बारीक चिरलेली कूर्चा स्नायूवरील पातळ आवरणात गुंडाळून खळगा भरला जातो, किंवा हायलुरॉनिक आम्लाचे इंजेक्शन दिले जाते. ते तात्पुरते असते, श्वासाचा अडथळा दूर करणे हा त्याचा उद्देश नसतो, आणि शस्त्रक्रिया झालेल्या नाकात रक्तवाहिनी बुजून कातडी मरण्याचा, क्वचित दृष्टी जाण्याचाही धोका त्यात असतो. पुन्हा शस्त्रक्रिया करायची तर सूज ओसरून ऊती मऊ होईपर्यंत, सामान्यतः वर्षभर, थांबण्याची प्रथा आहे.