जुन्नरच्या लेण्यांतील श्रेणी व वार्धक्याची तरतूद

चाळीस वर्षें सेवा केलेल्यास पुढें सेवेवांचून अर्धें वेतन द्यावें, असें शुक्रनीतींत सांगितलें आहे. त्यावरून निवृत्तिवेतन आपल्याकडे पुरातन, असें लिहिण्याचा प्रघात पडला आहे. परंतु त्या ग्रंथाचा काळच वादग्रस्त असून कांहीं विद्वान् तो एकोणिसाव्या शतकापर्यंत खालीं ओढतात. सबब या प्रमाणावर आम्ही भार टाकीत नाहीं. शिलालेखांचें प्रमाण अधिक बळकट.

जुन्नर येथें धान्य विकणाऱ्यांच्या श्रेणीनें सात खोल्यांचें लेणें व पाण्याची पोढी दिल्याचा लेख आहे. दुसऱ्या एका लेखांत बुरुडांच्या व कासारांच्या श्रेणींकडे द्रव्य ठेविल्याचा उल्लेख येतो. अर्थात् कारागिरांची श्रेणी पेढीचेंही काम करी. या व्यवहाराचा तपशील नाशिकच्या दहाव्या लेण्यांत सांपडतो. नहपानाचा अमात्य अयम याचा लेख मानमोडीच्या डोंगरांत असल्यामुळें हा दाखला जुन्नरासही परका नव्हे. नहपानाचा जांवई उषवदात यानें ३००० कार्षापण गोवर्धनच्या कोष्ट्यांच्या दोन श्रेणींकडे ठेविले: २००० दरमहा शेंकडा एक व्याजानें, १००० पाऊण व्याजानें. मुद्दल कधींच परत मागावयाचें नाहीं, वाढ तेवढी भोगावयाची, हीच अक्षयनीवी. पहिल्या रकमेंतून वर्षावासांतील २० भिक्षूंस प्रत्येकीं १२ कार्षापण चीवरासाठीं. २००० चें वर्षाचें व्याज २४०, आणि वीस बारे दोनशें चाळीस. हिशेब काडीइतकाही चुकलेला नाहीं!

परंतु लाभ भिक्षूंस. हात थकलेल्या बुरुडास त्याची श्रेणी कांहीं देई कीं नाहीं, याविषयीं हे लेख मूक आहेत. म्हणून अक्षयनीवीस निवृत्तिवेतन म्हणणें आम्हांस मान्य नाहीं. उलट, भिक्षूचें वस्त्र तरुण कोष्ट्याचा माग चालू राहण्यावर अवलंबून होतें, हें विसरूं नये. माग थांबला कीं नीवी नांवाचीच अक्षय.

आज जुन्नर व आंबेगावच्या पश्चिमेकडील डोंगरांत हिरडा वेचणाऱ्या महादेव कोळ्यास वेतनच नाहीं, मग निवृत्तिवेतन कोठून? ६५ वर्षांवरील निराधारांसाठीं सरकारची श्रावणबाळ योजना आहे. तिची रक्कम २०२३ सालीं दरमहा १००० वरून १५०० रुपये झाली. ती मात्र खजिन्यांतून येते, कोणा श्रेणीच्या ठेवींतून नव्हे.

जुन्नर-घोडेगावकडील जुनीं दप्तरें ज्यांच्या संग्रहीं आहेत, त्यांनीं बुरूड, कासार आणि विशेषतः जुन्नरचे कागदी यांच्या पंचायतींचे कागद या दृष्टीनें पुन्हा चाळावे. वृद्धास वा विधवेस दिलेल्या चार आण्यांची नोंद आढळली तरी तिची नक्कल आम्हांस हवी आहे.