मुखवटा आणि हजेरी

मराठी रहस्यकथा आणि साहसकथा यांचा विषय निघाला, की आपल्या समीक्षेला दोनच सूर सापडतात. एक उपेक्षेचा, दुसरा गहिवराचा. पहिल्याला बाबूराव अर्नाळकर साहित्याच्या इतिहासात नकोच असतात. दुसऱ्याला ते हवे असतात, पण केवळ बालपणीची आठवण म्हणून. आम्ही दोघे बरीच वर्षे सोलापुरात मराठी शिकवतो, आणि प्रामाणिकपणे सांगायचे तर आम्ही दुसऱ्या सुरातले. ‘लोकप्रिय साहित्य’ हा घटक शिकवताना काळा पहाड आणि झुंजार यांच्याविषयी आम्ही मोठ्या उत्साहाने बोलतो. कायद्याच्या हातून निसटलेल्या दुष्टांना परस्पर शासन करणारा, पोलिसांना हुलकावणी देणारा आणि दिवसा सभ्य गृहस्थ म्हणून वावरणारा नायक वाचकांना का आवडला, याची कारणे फळ्यावर लिहितो.

काही वर्षांपूर्वी अशाच एका तासाला मागच्या बाकावरील एका विद्यार्थ्याने विचारले, “सर, काळा पहाडाला हजेरी होती का?” वर्ग हसला. तो हसला नाही. आपले पणजोबा सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये होते, हे त्याने तास संपल्यावर सांगितले. त्याच्या प्रश्नाचे उत्तर त्या दिवशी आमच्यापाशी नव्हते. प्रस्तुत लेख म्हणजे ते शोधण्याचा प्रयत्न आहे.

आम्हा दोघांपैकी एकाचे बालपण होटगीत गेले. होटगी हे दक्षिण सोलापूर तालुक्यातले गाव. घरोघरी कन्नड आणि शाळेत मराठी. गावाची खरी ओळख मात्र जंक्शनची. मुंबई-मद्रास मार्गाचे रुंद रूळ आणि विजापूरमार्गे गदगकडे जाणारे मीटरगेजचे अरुंद रूळ तेथे शेजारी शेजारी होते. पुढे अरुंद रूळ गेले आणि तो मार्गही रुंद झाला. पण १९८० च्या दशकात त्या स्थानकावर वाट पाहणे हा एक व्यवसायच होता, आणि वाट पाहणाऱ्याच्या हातात पुस्तक असे. मुखपृष्ठ निघालेल्या अर्नाळकरी कादंबऱ्या, गुरुनाथ नाईकांचा कॅप्टन दीप आणि इंद्रजाल कॉमिक्सचे अंक एका हातातून दुसऱ्या हातात जात. शेवटची पाने फाटलेली असत, म्हणून शेवट आम्हीच रचत असू. वेताळाच्या अंगठीची कवटी शाईने गालावर काढून घेण्यासाठी शाळेच्या मधल्या सुट्टीत रांग लागे. ती खूण पुसायला घरी पोहोचेपर्यंत वेळ मिळे, हे आमचे भाग्य. त्याचा अर्थ कळायला मात्र तीस वर्षे लागली.

ज्या नायकाविषयी आपण बोलत आहोत त्याची वंशावळ फार जुनी नाही. अन्यायी सत्तेविरुद्ध लढणारा बंडखोर सर्वच लोकपरंपरांत आढळतो. दुहेरी आयुष्य जगणारा आधुनिक नायक मात्र विसाव्या शतकाचे अपत्य आहे. १९०५ मध्ये बॅरोनेस ऑर्झी यांची ‘द स्कार्लेट पिम्पर्नेल’ ही कादंबरी आली. त्याच वर्षी एडगर वॉलेस यांची ‘द फोर जस्ट मेन’. १९१९ मध्ये जॉन्स्टन मॅक्कली यांनी झोरो निर्माण केला. १७ फेब्रुवारी १९३६ रोजी ली फॉक यांच्या ‘फँटम’ची चित्रमालिका अमेरिकी वृत्तपत्रांत सुरू झाली आणि १९३९ मध्ये बॅटमन अवतरला. ही नावे एका ओळीत मांडली की एक गोष्ट चटकन ध्यानात येते. पिम्पर्नेल हा सरदार, झोरो हा जमीनदाराचा मुलगा, बॅटमन हा कोट्यधीशाचा वारस. मुखवटा काढला की हे सर्वजण ज्या घरात परततात त्या घराची झडती घेण्याचे पोलिसांच्या मनातही येत नाही.

अर्नाळकर याच काळाचे. चंद्रकांत सखाराम चव्हाण हे त्यांचे खरे नाव. म्हणजे लेखकही दुसऱ्या नावाने वावरणारा. १९३६ ते १९८४ या काळात प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या हजाराहून अधिक रहस्यकथांची नोंद गिनेस बुकाने घेतली होती. त्यांचा धनंजय हा गुप्तहेर. तो कायद्याच्या बाजूने चालतो. झुंजार आणि काळा पहाड यांचे तसे नाही. ते कायद्याच्या कडेने चालतात, प्रसंगी तो ओलांडतात, आणि तरीही वाचकाचे मन त्यांच्याच बाजूला असते. हे मन त्या काळात कसे घडले असेल, याची कल्पना सोलापूरकराला सहज करता येते. मे १९३० मध्ये या शहरात लष्करी कायदा पुकारला गेला. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याला फाशी देण्यात आले. कायदा आणि न्याय हे दोन वेगळे शब्द आहेत, हे शिकण्यासाठी इथल्या माणसाला कादंबरीची गरज नव्हती. कादंबरीने त्याला एवढेच दिले, की निदान छापील पानांत तरी कायदा हरतो आणि न्याय जिंकतो. हा आनंद क्षुल्लक नाही, आणि त्याची टवाळी करणाऱ्या समीक्षेशी आमचे आजही भांडण आहे.

फँटमचे मराठी बारसे हा तर स्वतंत्र अभ्यासाचा विषय ठरावा. टाइम्स ऑफ इंडियाच्या प्रकाशनसंस्थेने मार्च १९६४ मध्ये इंद्रजाल कॉमिक्स सुरू केले. ते १९९० मध्ये बंद पडले. मराठीत फँटमचा ‘वेताळ’ झाला. हे भाषांतर नव्हे, स्थलांतर होय. वेताळ हा आपल्याकडे भुतांचा राजा आणि गावाच्या शिवेचा राखणदार. गोमंतकात तो बेताळ म्हणून ग्रामदेवतांत बसतो. कापडी मुखवट्याच्या गोऱ्या नायकाला असे गावकुसाबाहेरचे नाव मिळाले, आणि तो कुणाला परका वाटेनासा झाला. त्याचा अधिकार कुठून आला, हा प्रश्नच मिटला. देवाला अधिकार कुणी विचारीत नाही.

या वेताळाच्या हातातील अंगठी आपल्या विषयाच्या गाभ्याशी आहे. त्याने ठोसा मारला की दुष्टाच्या जबड्यावर कवटीची खूण उमटते आणि ती जन्मभर जात नाही. म्हणजे नायकाला मुखवटा आणि शत्रूला खूण. एकाचा चेहरा कधीच कळू नये, दुसऱ्याचा कधीच विसरला जाऊ नये. या साऱ्या कथाप्रकाराची रचना या एका विषमतेवर उभी आहे, असे आम्हाला आता वाटते.

आणि येथेच त्या विद्यार्थ्याचा प्रश्न आडवा येतो. कारण कथेबाहेर, आमच्याच शहरात, ही खूण मारण्याचे काम सरकार करीत होते. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने काही जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या. १९११ आणि १९२४ च्या कायद्यांनी तो फास देशभर आवळला. नोंदवहीत नाव, बोटांचे ठसे, ठरलेल्या वेळी हजेरी, गावाबाहेर जाण्यासाठी परवाना आणि हजेरी चुकली तर शिक्षा. मुंबई इलाख्यात या लोकांसाठी ज्या वसाहती काढण्यात आल्या, त्यांत विजापूर, गदग, हुबळी आणि सोलापूर ही ठिकाणे होती. होटगीच्या फलाटावर उभे राहून नकाशा आठवावा: ज्या मीटरगेजची शिट्टी ऐकत आम्ही वेताळाची साहसे वाचली, ती गाडी या वसाहतींच्या गावांना जोडीत होती. सोलापुरात पारधी, कैकाडी, मांग-गारुडी, भामटा अशा जमातींना तारेच्या कुंपणात ठेवले गेले आणि त्यांच्यापैकी पुष्कळांनी गिरण्यांत काम केले. शहरातला तो भाग आजही सेटलमेंट याच नावाने ओळखला जातो. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी कायदा रद्द झाला आणि ‘गुन्हेगार’ जमाती ‘विमुक्त’ झाल्या. खूण पुसायला मात्र मधल्या सुट्टीपासून घरी पोहोचेपर्यंतचा वेळ पुरला नाही. लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ (१९८०) आणि लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ (१९८७) ही आत्मकथने ज्यांनी शिकवली आहेत, त्यांना हे वेगळे सांगायला नको.

तेव्हा काळा पहाडाला हजेरी नव्हती. ती असती, तर काळा पहाड संभवलाच नसता. मुखवटा म्हणजे केवळ कापडाचा तुकडा नव्हे. दुसरे नाव, दुसरा वेष, दुसरे घर हे सर्व त्यात येते. ज्याचा मूळ चेहरा कोणत्याही दप्तरात नोंदलेला नाही, त्यालाच हे दुसरेपण परवडते. सूर्यास्तानंतर शिपायापुढे उभे राहून ‘हजर’ म्हणावे लागणाऱ्या माणसाला रात्रीचे आयुष्य कुठले?

मराठीत या प्रश्नाला समोरून भिडणारी एक कादंबरी आहे, आणि ती साहसकथाच आहे. अण्णाभाऊ साठे यांची ‘फकिरा’ १९५९ मध्ये प्रसिद्ध झाली आणि १९६१ मध्ये तिला राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला. घोडदौड, लढाई, खजिन्याची लूट, दुष्काळात धान्य लुटून भुकेल्यांत वाटणारा नायक. वाचकाला पानामागून पान उलटायला लावणारी सारी सामग्री तिच्यात आहे. तरीही फकिरा आणि काळा पहाड एका पंक्तीत बसत नाहीत. फकिरा मांग आहे, त्याची जमात हजेरीखाली आहे, आणि त्याचे नाव, गाव, घर सरकारला ठाऊक आहे. त्याला पकडता येत नाही तेव्हा सरकार त्याच्या माणसांना धरते. त्यांच्यासाठी तो स्वतः होऊन सरकारच्या स्वाधीन होतो. मुखवट्याच्या नायकाला जी गोष्ट कधीच करावी लागत नाही, ती फकिराला करावी लागते. आपल्या कृत्याची किंमत आपल्या माणसांनी मोजताना त्याला पाहावे लागते. अण्णाभाऊंनी ही कादंबरी बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखणीला अर्पण करताना त्या लेखणीसाठी ‘झुंजार’ हेच विशेषण वापरले आहे. अर्नाळकरांच्या नायकाचेही तेच नाव. हा योगायोग असेल. पण एकच शब्द दोन वाङ्मयांत किती निरनिराळे वजन पेलतो, हे वर्गात दाखवायला याहून चांगले उदाहरण आम्हाला सापडलेले नाही.

येथे कुणी म्हणेल, की हा सारा गतकाळ झाला. आताची मुले ना अर्नाळकर वाचतात ना वेताळ. ते खरे आहे. पण नायक गेलेला नाही, त्याने माध्यम बदलले आहे. १९९० च्या दशकात राज कॉमिक्सच्या हिंदी अंकांतून कुत्र्याचा मुखवटा घातलेला मुंबईचा डोगा आला, आणि आता संगणकावरील खेळ आले. कादंबरीत नायक ‘तो’ असतो. खेळात तो ‘मी’ होतो. आमच्या विद्यार्थ्यांनी आम्हाला ‘वॉच डॉग्ज’ (२०१४) हा खेळ दाखवला. शिकागो शहरात परस्पर न्याय करीत फिरणारा त्याचा नायक तोंडावर कापड बांधतो. त्याच्या हातातील फोन रस्त्यावरच्या कोणत्याही माणसाकडे वळवला की त्या माणसाचे नाव, धंदा, उत्पन्न आणि एखादे खासगी रहस्य पडद्यावर उमटते. कुठे गुन्हा घडण्याची शक्यता किती, तेही यंत्र आधीच सांगते. विद्यार्थ्यांना ती गंमत वाटत होती, आणि खरे सांगायचे तर पहिली दहा मिनिटे आम्हालाही वाटली. मग ध्यानात आले, की ही तर नोंदवहीच आहे. नायकाला मुखवटा आणि इतरांना खूण, हे जुने सूत्र. फरक इतकाच, की आता अंगठीची गरज उरलेली नाही.

याचा अर्थ आम्ही या कथांचा आनंद सोडून द्यावा असे म्हणतो का? मुळीच नाही. जो आनंद आम्ही स्वतः घेतला आणि अजूनही घेतो, त्याविषयी विद्यार्थ्यांना उपदेश करणे हा ढोंगीपणा होईल. अन्याय करणाऱ्याला शासन झालेले पाहण्याची भूक खरी आहे, आणि ज्या समाजात ती कोर्टात भागत नाही तिथे ती गोष्टीत भागणारच. आमचे म्हणणे एवढेच, की हा कथाप्रकार शिकवताना त्याच्याजवळ नेहमी दोन प्रश्न ठेवावेत. मुखवटा कुणाला परवडतो? आणि खूण कुणावर उमटते? हे प्रश्न विचारले की अर्नाळकर लहान होत नाहीत. उलट त्यांच्याकडे केवळ स्मृती म्हणून न पाहता इतिहास म्हणून पाहता येते. आणि ‘फकिरा’ला दलित साहित्याच्या स्वतंत्र कप्प्यात बंद करून ठेवण्याची आपली सवयही मोडते. ही दोन पुस्तके एकाच टेबलावर, एकाच आठवड्यात वाचली गेली पाहिजेत. गेली काही वर्षे आम्ही तसे करतो.

तो विद्यार्थी आता एका खेड्यात शिक्षक आहे. मध्यंतरी भेटला तेव्हा त्याने सांगितले, की लहानपणी त्यानेही वेताळ वाचला होता, रद्दीच्या दुकानातून आणलेला, आणि त्याला तो फार आवडे. फक्त खेळताना कुणी त्याला वेताळ होऊ दिले नाही. आम्ही रोज वर्गात जातो, हजेरीपट उघडतो आणि नावे पुकारतो. समोरून ‘हजर’ असे उत्तर येते. हा शब्द आता पूर्वीइतका सहज कानांवरून जात नाही.