मोहल्ल्याची भट्टी आणि भाजलेला मासा

गरिबाच्या ताटाचा इतिहास पाकशास्त्राच्या ग्रंथांत फारसा सापडत नाही. हे ग्रंथ लिहिणारे बहुतेक जण दरबाराच्या नाही तर अमीर-उमरावांच्या सावलीत वावरणारे. रोजचे, साधे, स्वस्त अन्न लिहून ठेवावे असे त्यांना कशाला वाटेल? भट्टीत भाजलेला मासा हा अशा साध्या पदार्थांपैकीच एक. त्याचा माग काढताना मात्र एक गंमत लक्षात येते. श्रीमंतांचा मासा पाकग्रंथात सापडतो आणि सामान्यांचा मासा सापडतो बाजार-तपासनिसाच्या नियमपुस्तकात.

आधी श्रीमंतांचा मासा पाहू. इ. स. १२२६ मध्ये (हिजरी ६२३) मुहम्मद बिन हसन अल-बगदादी यांनी बगदादमध्ये 'किताबुत तबीख' लिहिली. त्यानंतर बत्तीस वर्षांनी मंगोलांनी ते शहर उद्ध्वस्त केले, पण पुस्तकाचे हस्तलिखित वाचले. १९३४ मध्ये ते मोसुलमध्ये छापले गेले आणि १९३९ मध्ये आर्बेरी यांनी त्याचे इंग्रजी भाषांतर केले. त्यात भाजलेल्या माशाची कृती आहे. ताजा मासा खरवडून, चिरून, धुऊन कोरडा करायचा. सुमाक नावाच्या आंबट फळाची पूड, तिच्या निम्मा वाळलेला साअतर, लसूण, अक्रोड, धने, जिरे, दालचिनी आणि मस्तकी हे सारे तिळाच्या तेलात कालवून माशाच्या पोटात भरायचे. अंगाला गुलाबपाण्यातले केशर लावायचे. मग दोऱ्याने शिवून, लोखंडी सळईवर लावून तो तन्नूरमध्ये ठेवायचा. विस्तव मंद हवा, ज्वाळा नकोत आणि वर झाकण हवे.

केशर, मस्तकी आणि अक्रोड बाजूला काढा. काय उरते? मासा, लसूण, धने-जिरे, थोडे आंबट, थोडे तेल आणि झाकलेला मंद विस्तव. हा मासा कोणत्याही घराला परवडेल. अडचण एकच, विस्तवाची.

इथे दुसरे पुस्तक मदतीला येते. बाराव्या शतकात, सुलतान सलाहुद्दीनच्या काळात, शाम देशातल्या अब्दुर्रहमान अश-शैजरी यांनी हिस्बा म्हणजे बाजारावरील देखरेख या विषयावर एक ग्रंथ रचला. उर्दू शायरीतला मुहतसिब आपल्या ओळखीचा असतो तो मद्याच्या सुरया फोडणारा, रंगाचा बेरंग करणारा म्हणून. शैजरींचा मुहतसिब वेगळाच आहे. तो वजने-मापे तपासतो, पिठातली भेसळ पकडतो, कढया घासल्या आहेत की नाहीत ते पाहतो. या ग्रंथात पाव विकणाऱ्यांचे प्रकरण वेगळे आणि लोकांनी घरून आणलेले भाजून देणाऱ्या भट्टीवाल्यांचे प्रकरण वेगळे आहे. या दुसऱ्या धंद्याच्या भट्टीला अरबीत 'फुर्न' म्हणतात.

फुर्नवाल्यांसाठी शैजरींनी घालून दिलेले नियम वाचण्यासारखे आहेत. लोकांची गरज मोठी आहे, म्हणून भट्ट्या एका जागी न ठेवता गल्लोगल्ली, मोहल्ल्या-मोहल्ल्यांत आणि शहराच्या कडेपर्यंत विखुरलेल्या असाव्यात. धुराडी दुरुस्त ठेवावीत, भट्टीची फरशी वेळोवेळी झाडावी. कणकेची तबके पुष्कळ आली तर प्रत्येकावर खूण करावी, म्हणजे एकाचे दुसऱ्याकडे जाणार नाही. तबके नेणारी-आणणारी पोरे वयात न आलेली असावीत, कारण त्यांना लोकांच्या घरात, बायकामाणसांत जावे लागते. आणि मासा? मासा पावापासून दूर, वेगळ्या जागी भाजावा, नाहीतर त्याची चरबी पावावर ओघळेल.

आठशेहून अधिक वर्षांपूर्वीचे हे एक वाक्य मला केशरी माशाच्या कृतीपेक्षा मोलाचे वाटते. नियम होतो तो नेहमी घडणाऱ्या गोष्टीचा. एका घरचा मासा शेजारच्या पावावर ओघळत असणार, तक्रारी येत असणार, तेव्हाच असे कलम लिहावे लागते. म्हणजे घरोघरी मासा साफ केला जात होता, मीठमसाला लागत होता आणि पोराच्या डोक्यावर तबकातून तो भट्टीकडे निघत होता. पुढे चौदाव्या शतकाच्या आरंभी मिसरच्या इब्नुल उखुव्वा यांनी हिस्बेवर ग्रंथ लिहिला, तेव्हा शैजरींचा मोठा आधार घेतला.

भट्टी सामायिक का होती, याचे उत्तर इंधनात आहे. शाम आणि मिसर हे दाट जंगलांचे मुलूख नव्हेत, तिथे लाकूड महाग. एका माशासाठी घरात तन्नूर पेटवणे म्हणजे कोंबडीपेक्षा मसाला जड. कैरोजवळच्या फुस्तातमध्ये सापडलेल्या जुन्या कागदपत्रांचा, गेनिझाचा, अभ्यास करणाऱ्या गॉइटाइन यांनीही तिथल्या घरांतून कणीक भट्टीकडे जात असे, हे दाखवले आहे. माशाचा स्वस्तपणा मासळीबाजारातल्या भावावरच नव्हे, तर वाटून घेतलेल्या आगीवर उभा होता. गृहिणीची काटकसर खरीच, पण तिच्यामागे शहराची व्यवस्था होती.

मासाही तसाच साधा. नाईलमधली 'बुल्ती' मिसरच्या सामान्य माणसाची मासळी. तिच्याच कुळातला मासा आज आपल्या उजनी धरणात 'चिलापी' म्हणून मिळतो. पांढरे, कमी चरबीचे, लवकर शिजणारे मांस आणि खिशाला झेपणारा भाव.

आपल्यालाही ही रीत परकी नाही. ईदच्या आधी घरून रवा, मैदा, साखर, तूप देऊन मोहल्ल्यातल्या बेकरीतून नानकटाई भाजून आणणारी घरे महाराष्ट्रात पुष्कळ होती आणि अजूनही आहेत. आपल्या पत्र्याची खूण लक्षात ठेवणारी पोरे म्हणजे शैजरींच्या पोरांचीच वारस. आता ही आगही बदलते आहे. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळण्यास सांगितले. धुराची चिंता रास्तच आहे. शैजरींनीही पाववाल्यांच्या छपरांना धुरासाठी मोठी भोके ठेवायला सांगितले होते. पण त्याच शैजरींनी भट्टी मोहल्ल्यातच राहिली पाहिजे असेही लिहिले होते. धूर जावा आणि भट्टी राहावी, या दोन्ही गोष्टींची काळजी एकाच माणसाने वाहिली, हे विसरू नये.

बगदादचा मासा आज घरात करायचा तर फार काही लागत नाही. अर्धा किलोची अख्खी चिलापी किंवा बोय साफ करून तिला तिरक्या चिरा द्याव्यात. मीठ, ठेचलेला लसूण, धने-जिरे पूड, चमचाभर तेल आणि सुमाकऐवजी लिंबू चोळून ती अर्धा तास ठेवावी. ओव्हन असेल तर २०० अंशांवर साधारण वीस-पंचवीस मिनिटे. नसेल तर धोंडसासाठी कोकणात करतात तसे जाड पातेल्याखाली आणि झाकणावर निखारे ठेवून भाजावी. काट्याजवळचे मांस पांढरे होऊन सहज सुटले की मासा झाला. ओव्हन पेटवलाच आहे तर शेजारणीचाही मासा त्यात बसतो का ते पाहावे. एका आगीत दोन घरांचे जेवण, या हिशोबाला कोणत्याही पाकग्रंथाची साक्ष लागत नाही.