गुलाबांची बाग

शाळेत विज्ञानाच्या पेपरात एक प्रश्न हमखास असायचा. सर्व सजीवांच्या ऊर्जेचा मूळ स्रोत कोणता? 'सूर्य' लिहिलं की एक मार्क खिशात! या उत्तराला १९७७ सालीच तडा गेला होता, हे मला फार उशिरा कळलं. परवा भाचीच्या वहीत तेच वाक्य दिसलं, आणि म्हटलं आता हे लिहायलाच हवं.

गॅलापागोस बेटांच्या पूर्वेला, शेकडो किलोमीटरवर, पॅसिफिकच्या तळाशी ज्वालामुखींची एक रांग आहे. तिथे पृथ्वीच्या कवचाचे दोन तुकडे एकमेकांपासून दूर सरकतात आणि फटीतून लाव्हा वर येतो. फेब्रुवारी १९७७ मध्ये 'अल्विन' या तिघांच्या पाणबुडीतून शास्त्रज्ञ अडीच हजार मीटर खाली उतरले, ते गरम पाण्याचे झरे शोधायला. झरे सापडले. पण त्यांच्याभोवती, मिट्ट काळोखात, शिंपले, खेकडे आणि नळ्यांत राहणारे लांबलचक किडे यांची ही दाटी! गंमत म्हणजे त्या मोहिमेवर एकही जीवशास्त्रज्ञ नव्हता. फॉर्मॅलिन अगदी थोडं, म्हणून काही नमुने चक्क व्होडकात बुडवून आणले. :)

या किड्यांना ना तोंड, ना आतडं. मग जगतात कशावर? कोलीन कॅव्हनॉ या हार्वर्डच्या विद्यार्थिनीने १९८१ मध्ये उत्तर मांडलं. त्यांच्या पोटात जीवाणू राहतात आणि ते झऱ्यातल्या हायड्रोजन सल्फाइडच्या ऊर्जेवर अन्न तयार करतात.

१९७९ मध्ये जीवशास्त्रज्ञही तिथे गेले. लाल तुऱ्यांच्या किड्यांची एक वस्ती पाहून त्यांनी तिचं नाव ठेवलं 'रोझ गार्डन'. २००२ मध्ये पुन्हा बघायला गेले, तर बागेचा पत्ताच नाही. जिकडे तिकडे ताजा लाव्हा.

हे वाचून मला खरंच वाईट वाटलं. इक्वेडोरने १९९८ मध्ये गॅलापागोसभोवती ४० सागरी मैलांचं राखीव क्षेत्र केलं, पण ही बाग त्याच्या बाहेर होती. आणि आत असती तरी लाव्हा थोडाच थांबणार होता? मग राखायचं तरी कशाला?

उत्तर त्याच मोहिमेत होतं. जवळच एका नव्या झऱ्यावर इवलेसे किडे आणि शिंपले नुकते रुजत होते. नाव पडलं 'रोझबड', म्हणजे गुलाबाची कळी. एक वस्ती गाडली जाते, तेव्हा दुसऱ्या वस्तीची पिल्लं पाण्यातून वाहत येऊन नवा झरा धरतात. २०२३ मध्ये तर खुद्द राखीव क्षेत्रात असे झरे सापडले, तेही खेकड्यांसारख्या दिसणाऱ्या जिवांच्या मागावर जाऊन!

म्हणजे राखीव क्षेत्राची सीमा लाव्हासाठी नाहीच, ती आपल्यासाठी आहे. लाव्हा एक बाग पुरतो. आपण मात्र धातूंसाठी झऱ्यामागून झरा खरवडत गेलो, तर पिल्लं येणार कुठून?

असो. भाचीला सांगितलंय, परीक्षेत 'सूर्य'च लिही, मार्क जायला नकोत. वहीच्या समासात मात्र तिने एक लाल तुरा काढलाय.