लढाऊ जहाजांवरील उदक आणि मद्य

आरमारांच्या इतिहासांत तोफा, गुराबा, गलबतें आणि सरदार यांची चर्चा पुष्कळ होते. खलाशी काय पीत असत, हें सहसा कोणी विचारीत नाहीं. वास्तविक शिडाच्या जहाजाचा पल्ला पिण्याच्या पाण्यानेंच ठरे. या विषयांतील दोन शब्द आमच्याच किनाऱ्याकडे बोट दाखवितात, म्हणून हें टिपण सादर करीत आहों.

लांकडी पिंपांतील पाणी कांहीं आठवड्यांत शेवाळून त्यास दुर्गंधि येई. यासाठीं इंग्रजी आरमारांत खलाशास दररोज एक गॅलन बिअर मिळे. परंतु उष्ण समुद्रांत तीहि टिकत नसे. इ. स. १७३१ च्या नियमांनीं तिच्याऐवजीं एक पाइंट द्राक्षासव, किंवा अर्धा पाइंट ब्रँडी, रम अथवा अरक देण्याची मोकळीक ठेविली. नुसती रम पिऊन माजणारी अव्यवस्था पाहून ॲडमिरल व्हर्नन यानें ऑगस्ट १७४० मध्यें जमेकांत हुकूम काढला कीं, अर्धा पाइंट रम तिच्या चौपट पाण्यांत मिसळून अधिकाऱ्यासमक्ष वाटावी. त्याच्या ग्रॉग्रम कापडाच्या अंगरख्यावरून या मिश्रणास 'ग्रॉग' हें नांव पडलें. रमचा हा शिधा ३१ जुलै १९७० पर्यंत चालला.

वरील यादींतील अरक हा पूर्वेकडील माल होय. माडी गाळून तो करीत, आणि माड चढून माडी काढणें हा मुंबई बेटांवरील भंडारी ज्ञातीचा परंपरागत धंदा. माझगांवची भंडारवाडा टेकडी त्यांचें नांव अद्याप धारण करिते. पुढें तिच्याच माथ्यावर शहराच्या पाण्याचा जलाशय झाला. इ. स. १६७३ मध्यें मुंबईस आलेला वैद्य फ्रायर यानें माझगांवचें वर्णन बोंबिलांसाठीं प्रसिद्ध असलेलें कोळ्यांचें मोठें गांव असें केलें आहे. अरकाचें 'पंच' नामक पेय पांच द्रव्यांमुळें त्या नांवास पावलें, असें तोच सांगतो. हा आपला पञ्चन् शब्द. कित्येक पंडित याची व्युत्पत्ति पिंपवाचक 'पंचन' शब्दापासून लावितात, आणि चार द्रव्यांचाहि प्रकार असल्याचें फ्रायरच नमूद करितो. तथापि इंग्रजींतील या शब्दाचा जुना दाखला इ. स. १६३२ मधील, हिंदुस्थानांतून लिहिलेल्या पत्रांत आहे. त्यामुळें पूर्वेकडील पक्षच आम्हांस बलवत्तर वाटतो.

दुसरा शब्द 'टांकें'. सुमारें १८१५ पासून इंग्रजी जहाजांवर पिंपांच्या जागीं लोखंडी 'टँक' आले व पाणी पुष्कळ काळ निर्मळ राहूं लागलें. हा इंग्रजी शब्द गुजराथी-मराठी 'टांकूं', 'टांकें' यांजवरून गेला, असें कोशकार सांगतात. पोर्तुगीज 'तांक' शब्दाचाहि त्यांत हात असावा. कान्हेरीच्या शिलालेखांत अशा खोदीव कुंडास 'पोढी' म्हटलें आहे, हेंहि ध्यानांत ठेवावें.

आतां या गोष्टीचा इतिहासाशीं संबंध पाहूं. इ. स. १६७९ मध्यें शिवछत्रपतींच्या आज्ञेनें मायनाक भंडारी खांदेरी बेटावर ठाणें बांधूं लागला. इंग्रजांनीं नाकेबंदी केली. आरंभींच एक इंग्रज लेफ्टनंट मद्याच्या धुंदींत बेटावर उतरूं गेला आणि प्राणास मुकला. ऑक्टोबरांत लढाई झाली. तथापि लहान मराठी होड्या रात्रीं पहारा चुकवून बेटावर सामुग्री पोंचवीतच राहिल्या, आणि जानेवारी १६८० मध्यें इंग्रजांनीं माघार घेतली. ज्यास किनारा जवळ, त्यास पिंपें बाळगण्याची गरज थोडी. हा मराठी गलबतांचा मोठा लाभ होता, असा आमचा तर्क आहे. मात्र लांबच्या सफरीस तोच त्यांची मर्यादा झाला असावा. आज्ञापत्रांत किल्ला बांधण्यापूर्वीं उदक पाहावें असें बजाविलें आहे. जहाजासहि तोच न्याय लागू पडतो.

तर्कास पुरावा पाहिजे. संग्राहकांस आमची विनंति एवढीच कीं, बंदरांच्या हिशेबांतील पखाली, पिंपें, माडी व अरक यांच्या नोंदी क्षुल्लक समजून टाकून देऊं नयेत. तहनामे व सनदा जपल्या जातातच; आरमार किती दिवस समुद्रांत राहूं शकत होतें, हें मात्र अशा एखाद्या रुमालांतील कीड लागलेल्या यादीवरूनच कळावयाचें आहे.