काप किती रुंद असावा? चेनसॉच्या साखळीचा आणि तिच्या परीक्षेचा इतिहास (थ्रेड)

१/
१९४६ सालचा शरद ऋतू. अमेरिकेच्या ओरेगन राज्यात जोसेफ बुफर्ड कॉक्स हा लाकूडतोड्या सरपण फोडत होता. एका खोडक्यात त्याला लाकूड पोखरणारी, बोटाएवढी अळी दिसली. लाकडाचे धागे उभे असोत वा आडवे, ती दोन्ही दिशांनी सारख्याच सहजतेने वाट काढीत होती. कॉक्सने तिच्या जबड्यांचे बारकाईने निरीक्षण केले.

२/
जगातील बहुतेक चेनसॉंच्या साखळ्या आजही त्या निरीक्षणाच्या ऋणात आहेत. ही कथा अनेकदा सांगितली जाते. तिच्यापुढचा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो : दोन साखळ्यांपैकी 'चांगली' कोणती, हे ठरवायचे कसे? अरुंद काप घेणाऱ्या साखळ्यांच्या निमित्ताने या प्रश्नाचा इतिहास पाहू.

३/
कॉक्सच्या आधीही चेनसॉ होता. आंद्रेआस श्टील याने १९२६ मध्ये श्टुटगार्ट येथे विजेवर चालणारे यंत्र तयार केले. १९२७ मध्ये एमिल लेर्प याने थुरिंजियातील डोल्मार या डोंगरावर पेट्रोलवर चालणारे यंत्र चालवून दाखवले. ही धुडे पेलण्यास दोन माणसे लागत. यंत्र नवे होते, त्यावरील दात मात्र जुन्या हातकरवतीचेच होते.

४/
दोघांनी दोन टोकांना धरून ओढायची करवत आठवावी. तिचे काही दात लाकडाचे धागे दोन्ही बाजूंनी तोडतात आणि काही दात मधला भाग खरवडून बाहेर काढतात. आरंभीच्या साखळ्यांनी हीच रचना उचलली. परिणामी लाकूड कापले जाण्यापेक्षा खरवडले जाई, दात लवकर बोथट होत आणि वेगवेगळ्या आकारांच्या त्या दातांना कानस लावण्यात कामाचा बराच वेळ जाई.

५/
अळीचे जबडे खरवडत नव्हते. ते डावीकडून उजवीकडे आणि उजवीकडून डावीकडे लाकूड कुरतडत होते. कॉक्सने हाच आकार पोलादात उतरवला. वरून वळलेला एक दात डावा, पुढचा उजवा. प्रत्येक दातापुढे एक लहान उंचवटा ठेवलेला असतो, तो दाताला एका वेळी ठरावीक खोलीपेक्षा अधिक लाकूड घेऊ देत नाही. पोर्टलंडमधील घराच्या तळघरात बनलेली ही साखळी नोव्हेंबर १९४७ मध्ये विक्रीस आली.

६/
येथे 'चांगली साखळी' या शब्दांचा पहिला अर्थ दिसतो : जिची धार टिकते आणि जिला जंगलातच, एका गोल कानशीने, पुन्हा धार लावता येते. त्या काळच्या लाकूडतोड्यासाठी खरी बचत हीच होती. काप किती रुंद पडतो, याची चिंता तेव्हा दुय्यम होती. झाडे अजस्र होती आणि भुसा जंगलातच राहत असे.

७/
काप म्हणजे करवत लाकडात जी फट पाडते ती. फटीतले लाकूड ढलप्या आणि भुसा होऊन जाते. ३० × ३० सेंमीचा एक ओंडका आडवा कापला आणि काप ८ मिमी रुंद असला, तर ७२० घन सेंमी लाकूड चिरडावे लागते. काप ६ मिमीचा असल्यास ५४०. काम तेच, पण फोडावे लागणारे लाकूड एक चतुर्थांशाने कमी.

८/
पातळ पात्याचे मोल सुतारांना पूर्वीपासून ठाऊक होते. जपानी करवत ओढताना कापते. ओढलेले पाते ताणले जाते, वाकत नाही, म्हणून ते अतिशय पातळ ठेवता येते. चेनसॉत ही सोय नाही. साखळी एका पट्टीच्या खाचेतून धावते आणि तिच्या दातांनी पाडलेली फट त्या पट्टीपेक्षा रुंद असलीच पाहिजे, अन्यथा पट्टी लाकडात अडकेल. त्यामुळे काप अरुंद करायचा तर दात, खाचेतून धावणारी कडी आणि पट्टी, असे सारेच बारीक करावे लागते.

९/
म्हणूनच हे बदल मिलिमीटरच्या अंशांत मोजले जातात. मोठ्या यंत्रांवर खाचेतील कडीची जाडी १.६ मिमीपर्यंत असते; हलक्या यंत्रांवर ती १.३ आणि पुढे १.१ मिमीपर्यंत उतरली. १९५० मध्ये श्टीलचे एकट्याने चालवायचे पेट्रोल यंत्र सुमारे १६ किलोचे होते. पुढे यंत्रे आणखी हलकी होऊन शेतकऱ्यांच्या आणि घरगुती वापराच्या आवाक्यात आली. लहान इंजिनाची ताकद थोडी असते, म्हणून त्याला कमी लाकूड फोडणारी साखळी हवी होती. 'चांगली' या शब्दाला आता दुसरा अर्थ आला : वेग.

१०/
वेग मोजणे सोपे वाटते. घड्याळ लावावे, ओंडका कापावा, सेकंद लिहून ठेवावेत. पण एका साखळीला नुकतीच धार लावलेली असेल आणि दुसरीला कारखान्यातलीच धार असेल, तर परीक्षा कानशीची होते. एकीच्या दातापुढचा उंचवटा थोडा अधिक घासलेला असेल, तर ती प्रत्येक घासात अधिक लाकूड घेते. हा फरक सहसा सुमारे ०.६ मिमीचा ठेवतात. त्यातला किंचित बदलही निकाल उलटवू शकतो.

११/
लाकूडही तटस्थ नसते. एकाच ओंडक्यात गाठी असतात, बुंध्याकडचा भाग जाड असतो, साल मातीने भरलेली असते. म्हणून गंभीर परीक्षेसाठी चौकोनी तासलेले लाकूड घेतात, जेणेकरून प्रत्येक कापाचे क्षेत्रफळ सारखे राहील. साखळ्या आलटून पालटून चालवतात : पहिली, दुसरी, पुन्हा दुसरी, मग पहिली. यामुळे लाकडातला क्रमाक्रमाने होणारा बदल दोघींना सारखाच भोवतो.

१२/
सर्वांत फसवा घटक मात्र माणसाचा हात. जिच्यावर अधिक जोर दिला जातो ती साखळी जिंकते आणि परीक्षकाचा जोर बहुधा त्याच्या आवडत्या साखळीकडे झुकतो, तेही त्याला न कळता. प्रयोगशाळेत यासाठी यंत्र ठरावीक जोराने पुढे ढकलले जाते. घरी परीक्षा घेणाऱ्याला दुसऱ्या कोणाकडून साखळ्या बदलून घेता येतात आणि निकाल कापलेल्या क्षेत्रफळास लागलेल्या सेकंदांनी भागून लिहिता येतो.

१३/
अशा परीक्षांतून काय दिसते? लहान यंत्रावर अरुंद साखळीचा लाभ स्पष्ट असतो, कारण तेथे उणीव ताकदीची असते. शक्तिशाली यंत्रावर तो आकसतो. शिवाय त्याची किंमतही असते : बारीक दातात घासण्याजोगे पोलाद कमी, कड्या हलक्या आणि मोठ्या इंजिनाच्या ओढीखाली ताणल्या जाणाऱ्या. जाड पट्टीवर अरुंद साखळी चढवली, तर फट जेमतेम पट्टीएवढीच पडते आणि पट्टी अडकू लागते.

१४/
घड्याळाला न दिसणारी आणखी एक गोष्ट म्हणजे उसळी. पट्टीच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला टेकला, की यंत्र क्षणार्धात चालवणाऱ्याच्या दिशेने उलटे उसळते. ती रोखण्यासाठी साखळीत जादा उंचवटे दिले जातात, पण त्यांमुळे ढलप्या बाहेर पडण्यास अडथळा होतो आणि टोकाने आत शिरताना वेग घटतो. केवळ सेकंदांची यादी पाहणारा वाचक अशा साखळीला नापास करील. तिच्यामुळे न झालेली जखम त्या यादीत कोठेच नसते.

१५/
१९६० च्या दशकात अनेक देशांतील वनकामगारांची बोटे पांढरी पडून बधिर होऊ लागली. कारण होते यंत्राचे कंपन. पुढे दांड्यांना कंपनरोधक जोड आले. जपानमध्ये चेनसॉचा रोजचा वापर दोन तासांपुरता मर्यादित करण्यात आला. कंपनाची इजा त्याच्या तीव्रतेवर आणि काळावर अवलंबून असते. तेव्हा लवकर संपणारा काप हा कामगाराच्या बोटांचाही प्रश्न ठरला.

१६/
जेथे चेनसॉनेच फळ्या चिरतात, तेथे कापाची रुंदी थेट लाकडाच्या हिशेबात उतरते. २५ मिमीच्या फळ्या आणि ८ मिमीचा काप असल्यास दर तीन फळ्यांमागे जवळपास एका फळीएवढे लाकूड भुशात जाते. ६ मिमीच्या कापात तेवढी नासाडी चार फळ्यांमागे होते. घानाने १९९८ मध्ये चेनसॉने व्यापारी फळ्या चिरण्यावर बंदी घातली. तरीही देशी बाजार अशा फळ्यांवर मोठ्या प्रमाणात अवलंबून राहिला. तेथे दोन मिलिमीटर ही गंमत नव्हती.

१७/
बॅटरीच्या यंत्रांनी तिसरा अर्थ आणला. पेट्रोलच्या यंत्रात टाकी पुन्हा भरता येते. बॅटरीत मोजकी ऊर्जा असते. मग प्रश्न 'किती वेगाने' यावरून 'एका चार्जमध्ये किती काप' यावर आला. ज्या अरुंद साखळीला एकेकाळी लहान यंत्राची तडजोड मानले जाई, तीच येथे स्वाभाविक निवड ठरली. साखळीचे तत्त्व तेच राहिले, पण तिला विचारला जाणारा प्रश्न बदलला.

१८/
धार टिकण्याचा काळ, कापाचा वेग, बोटांचे आरोग्य, वाचलेली फळी, बॅटरीतील ऊर्जा : प्रत्येक मोजमापामागे त्या त्या काळातील कोणाची तरी गरज उभी आहे. म्हणून कोणत्याही परीक्षेचा तक्ता वाचताना इतिहासाच्या विद्यार्थ्याने प्रथम पाहावे की काय मोजले आणि कोणासाठी मोजले. पहिला क्रमांक कोणाचा, हे त्यानंतर पाहावे.

(थ्रेड समाप्त)