वादळ सरते, किनारा बदलतो : जमीन आणि समुद्रतळाच्या मोजणीचे शास्त्र

मोठे वादळ ओसरल्यावर उडालेली छपरे, उन्मळलेली झाडे आणि खचलेले रस्ते सर्वांनाच दिसतात. किनाऱ्याचे खरे नुकसान मात्र सहजासहजी नजरेस पडत नाही. वाळूची टेकडी दोन-तीन मीटरने खाली आली किंवा बंदराच्या वाटेत गाळाचा उंचवटा तयार झाला, तर त्याची कल्पना मोजणी केल्याशिवाय येत नाही. पुढचे वादळ येते ते याच खालावलेल्या किनाऱ्यावर. म्हणूनच वादळानंतर किनाऱ्याची जमीन आणि लगतचा समुद्रतळ यांची उंची-खोली नव्याने मोजणे हे मदतकार्याइतकेच निकडीचे काम मानले जाते.

'सँडी'ने दिलेला धडा

या शास्त्राचे ठळक उदाहरण अमेरिकेत पाहावयास मिळाले. २९ ऑक्टोबर २०१२ रोजी 'सँडी' वादळ न्यू जर्सी राज्याच्या किनाऱ्यावर धडकले. पौर्णिमेची भरती आणि वादळाने ढकललेले पाणी यांची गाठ पडली. न्यू जर्सी आणि न्यूयॉर्कच्या समुद्राकडील बाजूस वाळूची लांब, अरुंद बेटे आहेत. मुख्य भूमीला लाटांपासून आडोसा मिळतो तो याच बेटांमुळे. मँटोलोकिंग गावाजवळ समुद्राने ही वाळूची पट्टी फोडून थेट मागच्या खाडीत प्रवेश केला. न्यूयॉर्कजवळील फायर आयलंड बेटालाही खिंडारे पडली.

अमेरिकी भूगर्भ सर्वेक्षण खात्याने वादळ येण्यापूर्वीच, म्हणजे २६ ऑक्टोबर रोजी, न्यू जर्सीच्या किनाऱ्यावरून विमानाने लेसर मोजणी केली होती. वादळानंतर १ आणि ५ नोव्हेंबरला हीच मोजणी पुन्हा झाली. दोन्ही नकाशे एकमेकांवर ठेवताच कोठली वाळू गेली आणि ती कोठे जाऊन पडली, याचा हिशेब मांडता आला. फायर आयलंडच्या पुळणी आणि वाळूच्या टेकड्या यांनी वादळात आपली निम्म्याहून अधिक वाळू गमावली, हा निष्कर्षही वादळापूर्वीच्या आणि नंतरच्या मोजणीच्या तुलनेतूनच निघाला.

मोजणी कशी होते?

या मोजणीच्या तंत्राला 'लायडर' म्हणतात. विमानातून दर सेकंदाला हजारो लेसर किरण खाली सोडले जातात. किरण परत येण्यास लागलेल्या वेळावरून अंतर कळते. विमानाचे नेमके स्थान उपग्रहांच्या साह्याने, तर त्याचा कल संवेदकांच्या साह्याने नोंदवला जातो. जमिनीसाठी बहुधा अवरक्त किरण वापरतात. परंतु ते पाण्यात शिरत नाहीत. समुद्रतळासाठी हिरवा किरण लागतो. त्याचा काही भाग पाण्याच्या पृष्ठभागावरून आणि काही भाग तळावरून परततो. या दोन प्रतिध्वनींमधील वेळेच्या फरकावरून खोली काढली जाते. पाण्यात प्रकाशाचा वेग सुमारे पाऊणपट होतो आणि किरणाची दिशाही वळते. त्यामुळे आकडेमोडीत तशी दुरुस्ती करावी लागते.

या तंत्राची मर्यादा म्हणजे गढूळ पाणी. वादळानंतर नेमके तेच सर्वत्र असते. शिवाय फुटणाऱ्या लाटांच्या फेसातून किरण तळापर्यंत पोहोचत नाही. म्हणून पाणी निवळेपर्यंत थांबावे लागते. अधिक खोल भागात बोटीवरील सोनार यंत्राने, म्हणजे ध्वनिलहरींनी, तळ मोजला जातो. 'सँडी'नंतर न्यूयॉर्क बंदरातील जलमार्ग पुन्हा सुरू करण्यापूर्वी सर्वेक्षण नौकांनी असाच तळ तपासला होता.

दोन शून्यांचा घोळ

जमीन आणि समुद्र यांचे नकाशे जोडताना मोठी अडचण येते ती शून्याची. जमिनीची उंची भूमापनाच्या ठरावीक पातळीपासून मोजतात. नाविक नकाशातील खोली मात्र ओहोटीच्या खालच्या पातळीपासून मोजली जाते. 'सँडी'च्या रात्री न्यूयॉर्कच्या बॅटरी येथील पाण्याची पातळी ओहोटीच्या शून्यापासून सुमारे ४.३ मीटर, तर भूमापनाच्या शून्यापासून सुमारे ३.४ मीटर होती. आकडे दोन, पाणी मात्र एकच! मुंबईतही सरासरी समुद्रपातळी आणि नाविक नकाशाचे शून्य यांत सुमारे अडीच मीटरचे अंतर आहे. हा फरक न जुळवता दोन नकाशे चिकटवले, तर किनाऱ्यावर नसलेला कडा उभा राहतो आणि पाणी कोठवर शिरेल याचा अंदाज पार चुकतो. 'सँडी'नंतर अमेरिकेत जमीन आणि समुद्रतळ एकाच शून्यावर आणणारे सलग नकाशे तयार करण्यात आले.

कोकणासाठी बोध

३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले. कोकणात अशी मोजणी अधिक अवघड आहे. जूनमधील वादळापाठोपाठ पावसाळा येतो. समुद्र खवळलेला आणि पाणी गढूळ असल्याने लेसर आणि बोट या दोन्हींना कित्येक आठवडे वाट पाहावी लागते. त्यातच पावसाळ्यात पुळणीची वाळू दरवर्षी वाहून जाते आणि हिवाळ्यात पुन्हा भरून येते. मग दिवाळीनंतर मोजलेली झीज वादळाची की नेहमीच्या पावसाळ्याची, हे सांगणार कसे? याचे उत्तर मे महिन्यातील, वादळापूर्वीच्या नकाशातच मिळू शकते.

भरतीचे पाणी कोणत्या वाडीत शिरेल, संरक्षक भिंत किती उंच हवी, मासेमारी बोटींना खाडीचे मुख सुरक्षित आहे काय, या साऱ्या प्रश्नांचा आधार हीच मोजणी असते. एखाद्या मीटरच्या चुकीने सपाट किनाऱ्यावरील संपूर्ण वस्ती सुरक्षित क्षेत्रात दाखवली जाऊ शकते. वादळानंतर विमान उडविता येते, यंत्रेही मागविता येतात. वादळापूर्वीचा किनारा मात्र पुन्हा मोजता येत नाही. म्हणूनच या कामाची खरी वेळ आकाश निरभ्र असतानाची आहे.